वाट दाखवायची की सांगायची?

या महिन्याच्या पत्रांत 'द एल्डर स्क्रोल्स' या व्हिडिओ गेमच्या मालिकेवरून पेटलेली भांडणंच जास्त आहेत. 'मॉरोविंड', 'ऑब्लिव्हियन' आणि 'स्कायरिम' हे तिचे तिसरा, चौथा आणि पाचवा भाग. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण बाकीच्या तिघांच्या तक्रारीचं मूळही तिथेच आहे.

प्रश्न : ताई, माझं आणि दादाचं रोज वाजतं. तो म्हणतो, 'मॉरोविंड' हाच खरा एल्डर स्क्रोल्स, 'स्कायरिम' म्हणजे पडद्यावर वाट दाखवणाऱ्या बाणामागे नुसतं चालत सुटायचं. मी स्कायरिमपासून सुरुवात केली. त्याच्या हट्टापायी मॉरोविंड लावला, तर उंदराच्या अंगात तलवार घुसताना दिसते आणि गेम म्हणतो, वार चुकला! दादा जुन्या आठवणींना कवटाळून बसलाय, असं मला वाटतं. बरोबर कोण?
— दादाला वैतागलेली

उत्तर : आधी तलवारीचं सांगते, म्हणजे गेम बंद करायची वेळ येणार नाही. २००२ च्या मॉरोविंडमध्ये प्रत्येक वारामागे पडद्याआड फासे पडतात. वार लागणार की नाही हे त्या शस्त्रातलं तुझं कौशल्य, चपळाई, नशीब आणि दमसास यांवर ठरतं. नवखी माणसं नेमकी दमसासापाशी फसतात. पळत पळत शत्रूवर जातात, तोवर हिरवी पट्टी रिकामी झालेली असते आणि दमलेल्या हाताचा वार लागत नाही. पात्र तयार करताना जे शस्त्र मुख्य कौशल्यांत घेतलंस तेच वापर, शेवटची काही पावलं चालत जा, पट्टी भरू दे. फरक लगेच कळेल. तरीही ही पद्धत मला स्वतःला आवडत नाही. कागदावरच्या खेळात फासे शोभतात, डोळ्यांसमोर पातं अंगात शिरताना दिसत असेल तर वार लागायलाच हवा. इथे तुझी तक्रार रास्त आहे.

आता बाणाचं. दादाला काय म्हणायचंय ते नीट ऐकून घे, त्यात दम आहे. बाल्मोरा गावात हॅस्फॅट अँटाबोलिस नावाचा माणूस तुला ड्वेमर लोकांची एक कोड्याची पेटी आणायला सांगतो. नकाशावर खूण उमटत नाही. तो तोंडी पत्ता सांगतो : गावाच्या दक्षिणेकडून बाहेर पड, ओडाई नदीचा पूल ओलांड, मूनमॉथ किल्ल्यावरून पुढे जा, मग फोयादावरचा (लाव्हाने कोरलेल्या दरीवरचा) ड्वेमरांचा जुना पूल लागेल, पलीकडे टेकडीवर आर्कंगथँड हे त्यांचं पडकं ठिकाण. हे सगळं वहीत लिहिलं जातं आणि तू वही उघडून, रस्त्यावरच्या पाट्या वाचत निघतेस. पोहोचल्यावर दार बंद. जवळच्या नळावरचा दांडा फिरवला की ते उघडतं. आत ती पेटी फळीवर इतर वस्तूंच्या गर्दीत इतकी साधी दिसते की निम्मे खेळाडू तिच्यासमोरून निघून जातात. पेटी हाती लागते तेव्हा मूनमॉथपासून पुलापर्यंतचा प्रदेश पायाखालचा झालेला असतो, पुन्हा तिकडे जायला नकाशा लागत नाही. दादाचं प्रेम या गोष्टीवर आहे. काही क्वेस्टमध्ये, म्हणजे सोपवलेल्या कामांत, सांगितलेला पत्ता मोघम आहे, काही ठिकाणी चक्क चुकीचा, आणि त्यापायी संध्याकाळच्या संध्याकाळ वाया जाते. तो हे कबूल करणार नाही, तू करून घे.

यावर स्कायरिमवाले हटकून म्हणतात, 'बाण नको तर बंद करा.' करून बघ. बाण बंद होतो, पण पत्ता कुणीच सांगत नाही! काम देणारा गुहेचं नाव घेतो आणि गप्प बसतो, वहीतही तेवढंच. २०११ मध्ये संवाद लिहिणाऱ्यांनी बाण असणारच हे धरून लिहिलं, त्यामुळे बाण काढला की खाली आधारच उरत नाही. मालिकेने काही गमावलं असेल तर ते हे, आणि मला त्याची खरोखर हळहळ वाटते. स्कायरिममध्ये क्लेअरव्हॉयन्स नावाचा एक मंत्र आहे, त्याने वाटेवर उजेडाची रेघ उमटते. वाट दाखवायचं काम तेवढ्या एका मंत्रावर सोपवून बाकी पत्ते माणसांच्या तोंडी ठेवले असते, तर दोन्ही पक्ष खूश झाले असते.

पण 'नुसतं बाणामागे चालायचं' हे दादाचं वाक्य मी मान्य करत नाही. त्याला फ्रॉस्टफ्लो दीपगृहात घेऊन जा. विंटरहोल्डच्या बाजूला, बर्फाळ टेकडीवर आहे. तिथे जा असं कुणी सांगत नाही, बाणही येत नाही. समुद्राशेजारी राहायचं म्हणून एक कुटुंब इथे राहायला आलं होतं. आत शिरलं की बाई मरून पडलेली दिसते. डायऱ्या, चिठ्ठ्या वाचत खाली उतरत जायचं, तळघराखालच्या गुहेत एकेकाचं काय झालं ते कळत जातं. नवऱ्याचे अवशेष सर्वांत शेवटी, तिथल्या सगळ्यात मोठ्या 'चौरस'च्या (किड्यासारख्या अजस्र प्राण्याच्या) पोटात सापडतात. त्याची इच्छा काय होती हे लक्षात ठेवून तू ते वर नेऊन दीपगृहाच्या आगीत ठेवलेस, तर एक छोटंसं वरदान मिळतं, बरं करणारे मंत्र दहा टक्के जास्त लागू पडतात. न ठेवता निघून गेलीस तर कुणी काही म्हणत नाही. ज्या गेममध्ये हे आहे त्याला बाणाचा गेम म्हणणं अन्याय आहे.

म्हणजे पत्त्याच्या बाबतीत दादा बरोबर, तलवारीच्या बाबतीत तू. आठवणींचं म्हणशील तर तो आरोप मागे घे. 'टॅम्रिएल रीबिल्ट' या चाहत्यांच्या गटातले लोक मॉरोविंडच्या मुख्य भूमीचे नवे नवे प्रदेश आजही हौसेने बांधतायत आणि पहिल्यांदाच खेळणारी मंडळी ते खेळतायत. त्यांना कसल्या आठवणी?

प्रश्न : 'ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड' मी आणि मित्राने एकदमच घेतला. माझी लेव्हल वाढली की रस्त्यावरचे लुटारूही तगडे होतात. मित्र म्हणतो, त्यामुळेच कंटाळा येत नाही. मला वाटतं, माझ्या मेहनतीवर पाणी पडतं. तुमचं मत?
— अर्ध्यावर थांबलेला

उत्तर : मी तुमच्या बाजूने आहे. वरच्या लेव्हलला वाटमाऱ्या समोर येतो, अंगावर हजारोंच्या किमतीचं ग्लासचं चिलखत, आणि मागतो काय, तर शंभर मोहरा! चिलखत विकलं तर त्याला लूटमार करायची गरजच पडणार नाही. जग माझ्याकडे बघून स्वतःला बदलतंय हे एकदा दिसलं की त्या जगावरचा विश्वास उडतो.

२००६ च्या मूळ गेममध्ये हे दुखणं आणखी खोल होतं. लेव्हल चढताना ताकद, चपळाई वगैरे गुण किती वाढणार हे मधल्या काळात कोणती कौशल्यं वापरली यावर ठरायचं. मनासारखं खेळलं तर गुण कमी मिळायचे, शत्रू मात्र पूर्ण वाढायचे. म्हणून लोक न वापरायची कौशल्यं मुख्य म्हणून निवडायचे, कागदावर हिशेब ठेवायचे, लेव्हल चढू नये म्हणून झोपायचं टाळायचे. २०२५ च्या रीमास्टरने हे बरंच सुधारलं. दर लेव्हलला बारा गुण मिळतात, हवे तिथे घाला. शत्रूंचं वाढणं मात्र तसंच आहे.

मित्राच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी : सुरुवातीच्या गटारातून बाहेर पडल्या क्षणी अख्खा सिरोडिल प्रांत खुला असतो, आणि तो शत्रू तुमच्या मापाचे ठेवल्यामुळेच. स्कायरिमने यात मधली वाट काढली. तिथे बहुतेक जागांना किमान-कमाल लेव्हल ठरवून दिली आहे आणि पहिल्या भेटीत ती पक्की होते. मला तीच वाट पटते.

क्वाच शहराचं काम अजून केलं नसेल तर लवकर उरका, लेव्हल वाढेल तसं ते जड होत जातं. आणि गेम सोडण्याआधी डार्क ब्रदरहूड या मारेकऱ्यांच्या टोळीत शिरा. स्किनग्राड शहरातल्या एका घरात पाच पाहुणे लपवलेल्या सोन्याच्या आशेने कोंडलेले असतात, तुम्ही सहावे. एकेकाशी गोड बोलायचं, विश्वास कमवायचा आणि कुणाला न कळता एकेकाला संपवायचं. उरलेले एकमेकांवर संशय घेतात, कधी तर तुमच्यापाशीच मन मोकळं करतात. असं लेखन या मालिकेत पुन्हा झालं नाही, आणि तिथे तुमची लेव्हल किती याने काही बिघडत नाही.

प्रश्न : स्कायरिममध्ये मी कुऱ्हाडवाला. विंटरहोल्डच्या जादूच्या कॉलेजात सहज गेलो आणि थेट आर्चमेज, म्हणजे तिथला प्रमुख, झालो. मैत्रीण म्हणते, मजा आली ना, मग झालं. मला ते खटकतं.
— कुऱ्हाडवाला आर्चमेज

उत्तर : खटकायलाच हवं. पुलावरची फॅराल्डा एखादा मंत्र करून दाखवायला सांगते, त्यापुढे जादू यावी अशी सक्ती जवळपास नाहीच. मॉरोविंडच्या मेजेस गिल्डमध्ये, म्हणजे जादूगारांच्या संघात, वरची पायरी हवी तर ठरावीक गुण आणि कौशल्यं अमुक इतकी लागतातच, नाहीतर बढती मिळत नाही. तिथल्या लालू, रेडोरान आणि तेलवानी या घराण्यांपैकीही एकच निवडावं लागतं, दुसऱ्यांचे दरवाजे मग बंद. मैत्रिणीला एकाच पात्राने सगळं बघायचं असेल तर तिला स्कायरिम सोयीचा. तुम्ही पुढच्या वेळी कुऱ्हाड ठेवून फक्त मंत्रांवर कॉलेज पूर्ण करा, ती पदवी वेगळीच वाटेल.

प्रश्न : यातला एकही खेळलेलो नाही. सहावा येईपर्यंत थांबू का?
— नवखा

उत्तर : थांबू नका. सहाव्याची घोषणा जून २०१८ मध्ये झाली, तेव्हा डोंगरांची छोटीशी झलक दाखवली होती. स्कायरिमने सुरुवात करा. रिव्हरवुड गावाहून व्हाइटरन शहराकडे चालत जा. वाटेत शेतावर राक्षसाशी लढाई चाललेली दिसेल, लांबून बघा. महिन्याभरात हात बसला की मॉरोविंड लावा, आणि बाल्मोराला जाताना सिल्ट स्ट्रायडरने (प्रवासी वाहणाऱ्या महाकाय किड्यावरून) न जाता पाट्या वाचत पायी जा.