फुकटच्या सेशनला जाताना

सप्रेम नमस्कार.

तुझी यादी पाहिली. या महिन्यात जेवढी मोफत ऑनलाइन सेशन नजरेला पडली तेवढ्या सगळ्यांना तू नाव नोंदवून बसलीस. डेटा वेअरहाऊस, इंडेक्स ट्यूनिंग, क्लाउड, एआय, आणि एक तर अशा डेटाबेसचं, जो तुमच्या ऑफिसात कोणी उघडूनही बघितलेला नाही. वर मला विचारतेस, "ताई, यातली कुठली करू?" अगं, नुसत्या यादीवरून कसं सांगू? तुझं काम कुठं अडलंय त्यावर ते ठरतं.

आणि ते तू मेलच्या शेवटी, जाता जाता लिहून गेलीस. तुमचं सॉफ्टवेअर मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, अडत दुकानांत चालतं. कुठल्या तालुक्यातून किती सोयाबीन आलं, किती तूर आली, हमाली-तोलाई किती कापली, असा रिपोर्ट मालकांना हवा असतो. तो ऐन दिवाळीच्या आवकेत बिलिंगच्याच डेटाबेसवर चालवला की काउंटरवर पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचं बिल, निघेना, शेतकरी खोळंबलेला, अडत्या तुमच्या नावानं ओरडतोय. डेटा वेअरहाऊस, म्हणजे रिपोर्टसाठीचा वेगळा डेटाबेस, कशासाठी ठेवायचं, ते तुला यातच कळलंय. तेव्हा डायमेन्शनल मॉडेलिंगचं, म्हणजे रिपोर्टसाठी टेबलं कशी मांडायची त्याचं, सेशन ठेव; क्वेरी प्लॅनचं, म्हणजे डेटाबेस माहिती कुठल्या वाटेनं शोधतो त्याचं, ठेव; बाकीची खुशाल सोड.

मॉडेलिंगच्या सेशनला बसण्याआधी एक पट्टी समोर घे. या मॉडेलिंगची पद्धत रुजवणाऱ्या राल्फ किंबॉलच्या रीतीनं शिकवणारा कुणीही वक्ता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत 'ग्रेन'वर येतो, म्हणजे फॅक्ट टेबलातली (मोजायचे आकडे असतात त्या टेबलातली) एक ओळ नेमकी कशाची, ते आधी ठरवा म्हणतो. ऐकताना सोपं वाटतं, मान डोलावून आपण पुढं जातो. तू तिथं थांब आणि पट्टीकडं बघ. एकाच शेतकऱ्यानं सोयाबीन आणि तूर दोन्ही आणलंय, पट्टी एकच, हमाली एकदाच लागलीय, समज 120 रुपये. तुझी ओळ मालागणिक असेल आणि दोन्ही ओळींना ते 120 चिकटवलेस, तर बेरजेत हमाली 240 होते. रिपोर्ट सुंदर दिसतो, आकडा खोटा. मग हमाली वजनाच्या प्रमाणात वाटायची, की पट्टीचं फॅक्ट टेबल वेगळं ठेवायचं? हा प्रश्न घेऊन बसलीस तर तासभराचं सेशन तुझ्या कामाचं. नाहीतर स्लाइडवरच्या सायकली विकणाऱ्या कंपनीचा स्टार स्कीमा (मधे फॅक्ट टेबल, भोवती तपशिलाची टेबलं) बघून तू उठशील आणि सोमवारी परत तिथंच अडशील.

दुसरी गोष्ट हमखास येईल ती स्लोली चेंजिंग डायमेन्शनची, म्हणजे ग्राहक, जिल्हा असे तपशील काळानुसार बदलले तर काय करायचं त्याची. टाइप एक म्हणजे जुनी नोंद पुसून नवी लिहायची; टाइप दोन म्हणजे जुनी ओळ तारीख टाकून बंद करायची आणि नवी उघडायची. त्यांच्या उदाहरणात ग्राहक घर बदलतो. तू आपले जिल्हे घे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं 2023 मध्ये. जिल्हा तोच, नाव नवं, तेव्हा माझ्या मते टाइप एक पुरे. जुन्या नव्या वर्षांची बेरीज एकाच नावाखाली यायला हवी. हिंगोलीचं मात्र तसं नाही. 1 मे 1999 ला तो परभणीतून वेगळा निघाला. 1998 आणि 2000 ची परभणीची आवक शेजारी शेजारी ठेवलीस तर पीक बुडाल्यासारखं दिसेल, आणि शेतात तसं काहीच घडलेलं नसेल. तिथं तालुका कुठल्या तारखेपर्यंत कुठल्या जिल्ह्यात होता हे धरून ठेवावंच लागतं, म्हणजे टाइप दोन. तुमचा डेटा एवढा जुना नसेलही. पण जालना 1981 चा, लातूर 1982 चा. मराठवाड्यात राहून या विषयाला उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही.

क्वेरी प्लॅनच्या सेशनला बसशील तेव्हा लॅपटॉपवर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालू ठेव. ते फुकट आहे. तुमच्याकडं मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असेल तर त्याची डेव्हलपर एडिशन शिकायला फुकटच मिळते. वक्ता सांगेल की तारखेच्या रकान्यावर फंक्शन लावून वर्ष काढलं की त्या रकान्यावरचा साधा इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधायची सोय) वाया जातो; त्याऐवजी '1 जानेवारीपासून पुढच्या 1 जानेवारीच्या आधीपर्यंत' अशी हद्द द्यावी. तू ते पन्नास ओळींच्या टेबलावर करून बघशील आणि म्हणशील, दोन्हीकडं सेक्वेन्शियल स्कॅनच, म्हणजे सगळं टेबल पहिल्यापासून वाचणंच, येतोय, हा माणूस थापा मारतोय. थापा नाहीत. एवढंसं टेबल सरळ वाचून काढणंच स्वस्त पडतं, म्हणून प्लॅनर, म्हणजे डेटाबेसचा वाट ठरवणारा भाग, इंडेक्सच्या वाटेला जात नाही. पोस्टग्रेसचं जनरेट सिरीज हे फंक्शन वापरून दहा-वीस लाख खोट्या ओळी भर, टेबलाची आकडेवारी ताजी करायला ॲनालाइझ चालव, मग बघ. खोट्याच भर हं. शेतकऱ्यांची नावं, बँकेचे खाते क्रमांक असलेला खरा डेटा घरच्या लॅपटॉपवर आणायचा नाही, कोणी हो म्हटलं तरी नाही. आणि प्लॅन दाखवणारा एक्सप्लेन ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवतो, हे ध्यानात असू दे. अपडेट किंवा डिलीटच्या आधी बिगिन, नंतर रोलबॅक, म्हणजे झालेला बदल मागं घेतला जातो.

सेशन निवडताना जाहिरातीतला लेव्हलचा आकडा बघत जा. पुष्कळ ठिकाणी 100 म्हणजे तोंडओळख आणि 400 म्हणजे मुरलेल्यांसाठी, अशी रीत आहे. तुला 200 झेपेल. 300 ला बसलीस तर रेकॉर्डिंग दोनदा बघायची तयारी ठेव. कंपन्यांची सेशनही वाईट नसतात, फक्त पाऊण तास कुठल्या बटणाभोवती फिरणार ते आधीच ओळखायचं. क्लाउडवर सराव करायला क्रेडिट कार्ड मागितलं तर बिलाची मर्यादा लाव, आणि सराव झाला की त्याच रात्री सगळं डिलीट कर. सर्टिफिकेटांचं मला फारसं कौतुक नाही. मुलाखतीला मी समोर बसते तेव्हा हजेरीचा कागद बघत नाही, प्लॅन वाचून दाखव म्हणते.

वेळेचा घोळ टाळ. न्यूयॉर्कला दुपारी 1 ला असलेलं सेशन आपल्याकडं उन्हाळ्यात रात्री 10:30 ला आणि हिवाळ्यात 11:30 ला पडतं. त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं जातात, आपली हलत नाहीत. पोस्टरवरची वेळ डायरीत उतरवू नकोस, नोंदणीचं कॅलेंडर आमंत्रण घे. रात्री लाईटचा भरवसा नाही आणि दिवसाचं नेट संपत आलेलं असतं, तेव्हा रेकॉर्डिंग मिळणार असेल तर जागरणाचा हट्ट नको. लाइव्ह बसायचं ते प्रश्न विचारायचा असेल तरच.

स्लाइड आणि स्क्रिप्ट मात्र त्याच दिवशी उतरवून घे. 'पास' नावाची एसक्यूएल सर्व्हरवाल्यांची मोठी संस्था होती, 1999 ची. सलग चोवीस तास फुकट सेशनचा तिचा उपक्रम जगभर गाजलेला. महामारीत पैशाचं गणित बिघडलं आणि 15 जानेवारी 2021 ला तिनं काम थांबवलं. तिची मालमत्ता पुढं रेडगेट कंपनीनं घेतली. एवढी जुनी संस्था महिन्याभराच्या सूचनेवर बंद होते, तर बाकीच्यांच्या लिंकचं काय धरून बसायचं?

राहिला चॅटमध्ये विचारायचा प्रश्न. इंग्रजीची भीती वाटते म्हणालीस. तुझा नमुना होता, "माझी क्वेरी स्लो आहे, काय करू?" हा शुद्ध इंग्रजीत विचारलास तरी कोणी उत्तर देऊ शकणार नाही. असा लिही: पोस्टग्रेसची आवृत्ती अमुक, पट्ट्यांच्या टेबलात वीस लाख ओळी, तारखेवर इंडेक्स आहे, एका महिन्याची तालुकावार बेरीज हवी, प्लॅनमध्ये तरी सेक्वेन्शियल स्कॅन येतोय, का? आधी मराठीत लिही, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत कर, आणि सेशनच्या आदल्या दिवशी मला पाठव. रात्री जेवणं झाली की बघून ठेवते.

तुझी,
ताई