तीन दिवस मशीनचे, तीन दिवस झोपेचे

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही धायरीला राहतो. यांना (वय 54) दीड वर्षापासून डायलिसिस चालू आहे, मंगळवार-गुरुवार-शनिवार, चार तास मशीनवर आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधे जाऊन येऊन वेळ जातो तो वेगळाच. आधी गणपतीत मंडळाचं सगळं हेच बघायचे, आता घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडतात. म्हणतात, तीन दिवस मशीनचे, तीन दिवस झोपेचे, उरला रविवार, त्यात पण पाणी मोजून प्यायचं. मागच्या शनिवारी तर गेलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले थकवा येतोच, नातेवाईक सांगतात पॉझिटिव्ह राहा. खरंच नुसता थकवा आहे का हा?

उत्तर : आधी त्या शनिवारचं बोलू. शनिवार चुकला म्हणजे गुरुवार ते मंगळवार, पाच दिवस अंगात पाणी आणि पोटॅशियम साठत राहिलं, हृदयाला ते झेपेलच असं नाही. कंटाळून दांडी मारली की "आता बास झालं" म्हणून, हे त्यांना शांतपणे विचारा. जगणं नको वाटतं का, असं सरळ विचारलं म्हणून तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्री-बेरात्री पण चालतो, मराठीत बोलतात, फुकट आहे.

आता थकवा. डॉक्टर चुकीचं बोलले नाहीत, पण अर्धंच बोलले. भूक नाही, झोप नाही, अंगात जीव नाही हे किडनीच्या आजारात होतं आणि डिप्रेशनमधे पण होतं, म्हणूनच ते सुटून जातं. 2013 साली जगभरातले अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा नुसता फॉर्म भरून घेतला तर डायलिसिसवाल्या 39 टक्के लोकांत डिप्रेशनची लक्षणं दिसली, नीट समोर बसून मुलाखत घेतली तर 23 टक्के. म्हणजे कमी धरलं तरी पाचात एक. ओळखायची खूण म्हणजे नातवाचा फोन, मॅच, मंडळाची मीटिंग, यातलं काहीच नको वाटणं, आणि "मी तुमच्यावर ओझं आहे" असं बोलणं. अंग थकलं तरी मॅचचा स्कोअर माणूस विचारतोच.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांना "थकतात" असं न सांगता "दोन आठवडे कशातच मन नाही, एक डायलिसिस चुकवलं" असं सांगा. हिमोग्लोबिन, ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन), डायलिसिस पुरेसं होतंय का हेही बघायला सांगा, कारण रक्त कमी असेल तर गप्पा मारून काय होणार! मग सायकियाट्रिस्ट. अमेरिकेत डायलिसिसच्या 120 पेशंटवर 12 आठवडे तुलना केली होती (2019), काहींना खुर्चीवर मशीन चालू असतानाच समुपदेशन, काहींना सर्ट्रालिन ही डिप्रेशनवरची गोळी. गोळीचा फायदा थोडा जास्त दिसला पण त्रासही जास्त झाला, त्यामुळे शेजाऱ्याची उरलेली गोळी अजिबात नको, डोस डॉक्टरच ठरवणार.

आणि ते पॉझिटिव्हवाले नातेवाईक, त्यांना एखाद्या गुरुवारी सेंटरवर सोडायला पाठवा की, तुम्हालाही तेवढीच दुपार मिळेल. शिफ्ट बदलून मिळते का, घरी करायचं पोटाचं डायलिसिस यांना चालेल का, तेही विचारा, पण हे तुम्ही नाही, त्यांनी स्वतः विचारू दे. मंडळाची वर्गणीची वही पण घरी मागवून घ्या, हिशोब काय पडल्या पडल्या होतो.