घुसमट होते ती नेमकी कशाने?

प्रश्न: माझा मुलगा स्विमिंगला जातो. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं म्हणून डुबकी मारायच्या आधी तो भराभर मोठे श्वास घेतो, म्हणतो ऑक्सिजन भरून घेतोय. असं खरंच होतं का? आणि ऑक्सिजन कमी पडला तर मेंदू श्वास घ्यायला लावेलच ना?

उत्तर: ताई, आधी त्याला हे आजपासून बंद करायला सांगा, बाकीचं नंतर.

श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो ना, तो मुख्यतः ऑक्सिजन संपला म्हणून नाही तर कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. मेंदूच्या अगदी खालच्या भागात, ज्याला मेड्युला म्हणतात, तिथल्या पेशींना हा वायू वाढून आम्लता थोडी जरी वाढली तरी लगेच कळतं आणि त्या श्वासपटलाला कामाला लावतात, झोपेतसुद्धा.

ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारे आहेत ते मानेत. मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जिथे दुभागते तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढा कॅरोटिड बॉडी नावाचा अवयव असतो. श्वासावरच्या त्याच्या कामाच्या शोधासाठी कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. पण गंमत बघा, धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब एरवी ८० ते १०० मिमी पारा असतो आणि हा अवयव जोरात ओरडायला लागतो तो साधारण ६० च्या खाली गेल्यावर, म्हणजे बराच उशिरा.

आता मुलाचं बघू. निरोगी माणसाचं रक्त आधीच ९५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असतं, भराभर श्वास घेऊन त्यात फारशी भर पडतच नाही, उलट कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर निघून जातो, मग घुसमट उशिरा होते, पोराला वाटतं आपला दम वाढला, आणि इकडे ऑक्सिजन संपत चाललेला असतो. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो जवळपास २० टक्के, त्यामुळे पहिला फटका त्यालाच बसतो. त्रास न होता, काही कळायच्या आत शुद्ध जाते. नंतर मेंदू श्वास घ्यायला लावतो हे तुमचं बरोबर आहे, पण तेव्हा तोंड पाण्यात असतं! चांगले पोहणारेसुद्धा असे बुडाले आहेत.

डुबकीआधी नेहमीसारखा एकच श्वास पुरे, श्वास घ्यावासा वाटला की लगेच वर यायचं, किती सेकंद झाले ते मोजत बसायचं नाही, आणि काठावर त्याच्याकडेच बघणारं कुणीतरी मोठं माणूस हवंच.