कार्बन पकडायला अनुदान द्या, पण काटा कुणाचा ते आधी सांगा

तुम्ही विचारलंय की कारखान्यांतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीत पुरायला सरकारनं अनुदान द्यावं का, आणि उजवे-डावे यात कुठल्या बाजूला आहेत. मी चिकोडी तालुक्यात ऊस करतो, शास्त्रज्ञ नव्हे. पण अनुदान आणि काटा या दोन विषयांवर आमच्याकडं कुणीही अधिकारानं बोलतं.

उजवं-डावं इथं फारसं लागू पडत नाही. अमेरिकेत असा वायू पकडून पुरणाऱ्यांना ४५-क्यू नावाची करसवलत २००८ पासून आहे. बायडन यांच्या काळात, २०२२ मध्ये, ती टनाला ८५ डॉलरपर्यंत गेली. ट्रम्प यांनी हवामानाच्या बाकी बऱ्याच योजना छाटल्या, ही मात्र ठेवली. उलट २०२५ मध्ये, जुन्या विहिरीत वायू सोडून उरलंसुरलं तेल काढणाऱ्यांनाही तोच दर दिला. त्यामुळं बरेच पर्यावरणवाले याला तेल कंपन्यांची खिरापत म्हणतात. आणि साऊथ डकोटा, पक्कं रिपब्लिकन म्हणजे उजव्यांचं राज्य, तिथं इथेनॉल कारखान्यांचा वायू नेणारी पाइपलाइन शेतातून जाणार म्हटल्यावर शेतकरी असे उठले की अशा लाइनसाठी सक्तीनं जमीन घ्यायला २०२५ च्या मार्चमध्ये कायद्यानंच बंदी आली. पक्ष बाजूला राहिला, बांध आडवा आला.

माझा मेव्हणा इकडच्याच एका डिस्टिलरीत आहे. एकदा त्याच्यासोबत आंबवणीच्या टाकीपाशी गेलो. मळी खदखदत होती, वर तपकिरी फेस. मी जरा वाकलो तर सोड्याची बाटली नाकातच फुटल्यासारखी झिणझिणी गेली. त्यानं कॉलर धरून मागं ओढलं, "दाजी, मरायचंय काय?" तो सगळा कार्बन डायऑक्साइड, लिटरभर इथेनॉलमागं साधारण पाऊण किलो, आणि जवळजवळ शुद्ध. कोळशाच्या धुरात तो शंभरात बारा-तेरा भाग असतो, वेगळा करायलाच वीज आणि वाफ खर्ची पडते. अमेरिकेत मिसिसिपीतल्या केंपर वीजप्रकल्पाला कोळशाचा कार्बन पकडायचा होता, त्यानं ७०० कोटी डॉलरच्या वर पैसा घालून २०१७ मध्ये कोळशाचा नाद सोडला आणि साध्या गॅसवर वीज करायला लागला. सिमेंटची गोष्ट वेगळी. चुनखडी भाजली की वायू दगडातूनच निघतो, भट्टीला कुठलंही इंधन लावा. म्हणून माझं मत: डिस्टिलरी आणि सिमेंटला द्या, कोळशाच्या विजेला नको, तिथं सौर आहे.

आपल्या केंद्र सरकारनं २०२६ च्या अर्थसंकल्पात यासाठी पाच वर्षांत २०,००० कोटी ठेवलेत. वीज, पोलाद, सिमेंट, रिफायनरी, रसायनं अशी यादी. वीज पहिली, डिस्टिलरीचं नावच नाही!

पैसे कसे द्यायचे, खरा वाद तिथं आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात आमच्या बेळगाव जिल्ह्यात गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी रस्त्यावर बसले होते, मागणी उसाला टनामागं ३,५०० रुपयांची. मिटलं ३,३०० वर, त्यातले ५० सरकारचे. ते ५० रुपये दर टनामागं आहेत, म्हणजे ऊस काट्यावर चढला तरच. कार्बनलाही तसंच हवं. प्रकल्प उभारायच्या आधीच पैसे मोजले की कोनशिला तेवढी बसते.

पण मग काटा आला. मागच्या हंगामात माझी ट्रॉली गावच्या खासगी काट्यावर १८ टन ४०० किलो भरली, कारखान्यात १७ टन ९००. कारकुनाला विचारलं तर म्हणाला, "वाटेत वाळला असंल." आठ किलोमीटरात अर्धा टन!

अमेरिकेतही हेच. तिथल्या कर खात्यावर देखरेख ठेवणाऱ्या तपासनिसानं २०२० मध्ये कळवलं की ४५-क्यूखाली सुमारे १०० कोटी डॉलरची सवलत उचलली गेली होती. त्यातले जवळजवळ ९० कोटी ज्यांनी घेतले त्यांनी पुरलेल्या वायूच्या मोजमापाचे आणि देखरेखीचे पर्यावरण खात्याचे नियमच पाळले नव्हते. माझा ऊस निदान ट्रॉलीत दिसतो तरी, मैलभर खाली सोडलेला वायू कोण बघायला जाणार?

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो, द्या' असंच आहे. फक्त वजन करणारा माणूस पैसे घेणाऱ्याचा पगारी नसावा.