ओपन सोर्स प्रकल्पाची स्टॅटिक वेबसाइट ह्यूगोत करावी की जेकिलमध्ये? एकदा झाली की तिच्याकडे फारसं बघावं लागत नाही ना?

दोन्ही साधनं साध्या मजकुरातून तयार वेबपानं बनवतात, म्हणजे बिल्ड करतात. दोन्हींपैकी काहीही घ्या. ह्यूगोची एकच फाइल उतरवली की काम सुरू. जेकिलची साइट गिटहब पेजेस, म्हणजे गिटहबची साइट ठेवण्याची सेवा, स्वतःच बिल्ड करून देते, पण आपल्या मशिनवर जेकिलला लागणारी रुबी भाषा बसवण्यात एक संध्याकाळ जाते. मी लिहायला बसलोय ते तुमच्या दुसऱ्या वाक्यामुळे. बघावं लागतं. नाही बघितलं तर काय होतं ते सांगतो.

आम्ही तिघं मित्र नाशिकमध्ये द्राक्षबागेतल्या फवारण्यांची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्राम लिहितो. कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला मारलं, आणि त्याचा पीएचआय, म्हणजे फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे दिवस, धरून माल कधी तोडता येईल, एवढंच त्याचं काम. युरोपला जाणाऱ्या मालाला रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची, मर्यादा कडक असते, त्यामुळे ती तारीख चुकून चालत नाही. साइट तिघांपैकी एकाने बनवली होती आणि त्याचं ठाम मत होतं की खरं काम म्हणजे कोड, साइट ही लग्नपत्रिकेसारखी, एकदा छापली की झालं. मी पहिल्यापासून विरोधात होतो. गंगापूर रोडवर चहा पिताना यावरून आमचं किती वेळा वाजलं असेल याला गणती नाही.

२०२१ चा फेब्रुवारी, तोडणीचा हंगाम. निफाड तालुक्यातल्या एका काकांचा फोन आला. म्हणाले, "दादा, तुमचा प्रोग्राम १२ तारीख सांगतोय. माझ्या वहीत १३ येते. कोणाचं खरं धरू?"

वहीचं खरं होतं. आमच्या जुन्या आवृत्तीत फवारणीचा दिवसच पहिला दिवस म्हणून मोजला जायचा, त्यामुळे तारीख एक दिवस आधीची यायची. ही चूक आम्ही डिसेंबरातच दुरुस्त केली होती. कोड बरोबर, टेस्ट बरोबर, नवी आवृत्ती रेपोत, म्हणजे आमच्या कोडच्या सामाईक साठ्यात, आकडा देऊन ठेवलेली. पण डाउनलोडच्या पानावरची लिंक जुन्याच फाइलला जोडलेली होती. काकांनी ती आदल्या आठवड्यात आमच्याच पानावरून उतरवली होती. त्यांनी वहीत दिवस मोजून पाहिले नसते तर मजूर १२ लाच बागेत उतरले असते.

फोन ठेवला आणि साइट बिल्ड करायला घेतली. होईना. थीम, म्हणजे साइटचं आयतं रूप, नोड-सास या सीएसएस बनवणाऱ्या पॅकेजच्या जुन्या आवृत्तीवर बेतलेली, माझ्या मशिनवर ते पॅकेज चालवणारं नोड नवं, पॅकेजेस बसतानाच लाल अक्षरांची रांग. साइट फक्त त्या मित्राच्या लॅपटॉपवर बिल्ड व्हायची आणि तो त्या दिवशी प्रवासात होता. शेवटी जीएच-पेजेस ब्रँचवरच्या, म्हणजे जिथून साइट प्रकाशित होते त्या प्रतीतल्या, तयार एचटीएमएलमध्ये हाताने लिंक बदलली. पाच मिनिटांत पान बरोबर झालं. पुढच्या आठवड्यात मित्राने एका शब्दाची चूक सुधारून साइट पुन्हा बिल्ड केली, आणि माझी दुरुस्ती पुसून जुनी लिंक परत आली. मूळ फाइलमध्ये बदल केलाच नव्हता, तर दुसरं काय होणार! ती लिंक आणखी चार दिवस तशीच होती. त्या चार दिवसांत कोणी काय उतरवलं, आम्हाला कधीच कळणार नाही.

म्हणून माझं मत: साइट हा प्रकल्पाचाच भाग आहे आणि डाउनलोडचं पान तर कोडइतकंच महत्त्वाचं. आवृत्तीचा आकडा कुठल्याही पानावर हाताने लिहू नका. गिटहबवर रिलीजेस/लेटेस्ट/डाउनलोड असा पत्ता मिळतो, तो कायम सर्वांत नव्या रिलीजकडे नेतो. फाइलच्या नावात आकडा घातला नाही की लिंकला पुन्हा कधी हात लावावा लागत नाही. बिल्ड कोणाच्याही लॅपटॉपवर करू नका. मुख्य ब्रँचवर बदल चढवला की गिटहब ॲक्शन्सने, म्हणजे गिटहबवर कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीने, ते करावं, आणि ह्यूगोची आवृत्ती तिथे लिहून पक्की करावी, कारण नव्या ह्यूगोवर जुन्या थीम मोडतात. थीम शक्यतो घेऊच नका. आमची आजची साइट म्हणजे चार टेम्पलेट आणि हाताने लिहिलेली एक सीएसएस फाइल, नोड कुठेही नाही. महिन्याला तासभर पुरतो.

स्वतःचं डोमेन असेल आणि ब्रँचवरून प्रकाशित करत असाल, तर डोमेनचं नाव असलेली सीएनएएमई फाइल ह्यूगोच्या स्टॅटिक फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर बिल्डमध्ये ती गळते आणि साइट डोमेनवरून गायब होते. एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्राची मुदत ९० दिवसांची असते, पण त्याचं नूतनीकरण गिटहब आपणहून करतं. डोमेनचं मात्र गिटहब करत नाही, ते आपल्यालाच बघावं लागतं. त्याचा पासवर्ड निदान दोघांकडे हवा.

आणि वापरणारे मराठी असतील तर मराठी पान आधी लिहा, इंग्रजी नंतर. आमच्याकडे उलटं झालं होतं. "ही चूक दुरुस्त झाली आहे, नवी फाइल घ्या" ही सूचना फक्त इंग्रजी पानावर होती. काकांनी ते पान कधी उघडलंच नव्हतं, आणि त्यांनी का उघडावं?

मित्र अजून म्हणतो की तो दोष त्याच्या लॅपटॉपचा नव्हता, रिलीज केल्यावर सांगायला हवं होतं. सांगितलं होतं. पण सांगण्यावर चालणारी साइट मला नकोच आहे.

हे सगळं आमच्यासारख्या दहा-बारा पानांच्या साइटला लागू. प्रत्येक आवृत्तीचं वेगळं डॉक्युमेंटेशन ठेवायचं असेल तर स्फिंक्स किंवा डॉक्युसॉरस बघा. आणि गिटहब पेजेसवर साइट १ जीबीच्या आत ठेवावी लागते, तेव्हा व्हिडिओ तिथे चढवू नका.