नवे मुख्याध्यापक झालात? आधी वर्गात जा

अभिनंदन! आता सुरुवातीला नवी परिपत्रकं काढायची घाई करू नका. शिक्षकांच्या खोलीत बसा, ऐका. "ही मुलं अशीच, यांना काही येणार नाही" हे वाक्य किती सहज निघतं, त्यावरून शाळेची संस्कृती कळते. भिंतीवरच्या ध्येयवाक्यावरून काही कळत नाही.

मुलांच्या शिकण्यावर तुमचा परिणाम होतो तो मुख्यतः शिक्षकांमार्फत. शिक्षण-संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सर्वांत मोठा परिणाम दिसला तो शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सहभागी होणाऱ्या नेतृत्वाचा. म्हणजे प्रशिक्षणाचं उद्घाटन करून सटकायचं नाही, वही-पेन घेऊन शेवटपर्यंत बसायचं.

वर्गात गेलात की मागच्या बाकावर बसा आणि फळ्यापेक्षा मुलांच्या वह्या बघा. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, अशी चूक बऱ्याच वह्यांत दिसली तर सरांना सगळ्यांसमोर टोकू नका. "हे पुन्हा कसं घ्याल?" असं नंतर विचारा, आणि आठवड्याने परत जा. हे परत जाणंच बहुतेकांकडून राहतं. मग शिक्षकांना तुमची पाहणी म्हणजे तपासणी वाटते.

वेळापत्रक, नोंदवह्या? पर्यवेक्षकांकडे सोपवा.