बिली जीन किंग कपचं स्वरूप बदलल्याने खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की महिलांच्या या सांघिक टेनिस स्पर्धेत दोन देशांमधल्या पाच सामन्यांच्या लढती तीन सामन्यांवर आणल्या, घरच्या-परक्या मैदानांऐवजी सगळे संघ एकाच शहरात बोलावले, तर बिघडतं कुठे? जी चांगली खेळते ती जिंकणारच ना?

फार फरक पडतो. विद्यापीठापर्यंत टेनिस खेळले, आता मुंबईत मुलींना शिकवते, आणि ही स्पर्धा ‘फेड कप’ होती तेव्हापासून बघते आहे. एकटीदुकटीच्या स्पर्धेत चांगली खेळणारी जिंकते हे बऱ्यापैकी खरं. पण इथे देश जिंकतो, आणि देशाकडे असलेल्या खेळाडूंपैकी कोणाचा किती उपयोग होणार हे स्पर्धेची रचना ठरवते.

२०१९ची पर्थमधली अंतिम लढत घ्या. ऑस्ट्रेलिया विरुद्ध फ्रान्स, चार एकेरी आणि एक दुहेरी, दोन दिवस. पहिल्या दिवशी अ‍ॅश बार्टीने कॅरोलिन गार्सियाला ६-०, ६-० असं धुतलं. त्याच दिवशी फ्रान्सच्या क्रिस्टिना म्लादेनोविचने आयला टोमल्यानोविचला हरवलं होतं, त्यामुळे दिवसअखेर १-१ बरोबरी. दुसऱ्या दिवशी म्लादेनोविचने बार्टीला, म्हणजे जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला, तिच्याच देशात तिसऱ्या सेटच्या टायब्रेकवर हरवलं. फ्रान्सने गार्सियाला एकेरीतून बसवून पोलिन पारमंतिएला उतरवलं होतं. ती हरली आणि लढत २-२ झाली. मग दुहेरीला म्लादेनोविचबरोबर कोण उतरलं, तर आदल्या दिवशी एकही गेम न मिळालेली गार्सिया. आणि त्या दोघी जिंकल्या! फ्रान्सचे तिन्ही गुण एका म्लादेनोविचच्या खेळावर आले.

हे सगळं पाच सामने होते म्हणून घडलं. तीन सामन्यांच्या लढतीत पहिल्या क्रमांकाची पहिल्या क्रमांकाशी, दुसरीची दुसरीशी, मग दुहेरी, आणि सगळं एकाच दिवसात. हरलेल्या मुलीला रात्रभर सावरायला वेळ नाही. रात्री बसून दुसऱ्या दिवशीचा डाव बदलायची कर्णधाराला सोय नाही. पर्थची ती लढत मी आजही मुलींना समजावून सांगते, आणि तशी लढत आता स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात दिसत नाही याचं मला वाईट वाटतं.

तरीही मी तीन सामन्यांच्या विरोधात नाही. कारण आपण, म्हणजे भारत. पाच सामन्यांत दुहेरी शेवटी येते, त्यामुळे आधी किमान दोन एकेरी जिंकल्याशिवाय दुहेरीला अर्थच उरत नाही. आपल्याकडे सानिया मिर्झा होती, दुहेरीत जगात अव्वल ठरलेली. २०२०मध्ये दुबईत तिने आणि अंकिता रैनाने भारताला पहिल्यांदाच प्ले-ऑफमध्ये, म्हणजे वरच्या टप्प्यात कोण जाणार हे ठरवणाऱ्या लढतीत नेलं. मग एप्रिल २०२१मध्ये लाटव्हियाशी युर्माला इथे पाच सामन्यांची लढत झाली. समोर येलेना ओस्टापेन्को आणि अनास्तासिया सेवास्तोव्हा. आपण १-३ हरलो, म्हणजे २-२ होऊन निर्णायक दुहेरीची वेळ आलीच नाही. तीन सामन्यांत एक एकेरी काढली तरी दुहेरीवर लढत जिंकता येते. एकेरीत पहिल्या शंभरात कोणी नसलेल्या देशाला ही दारात ठेवलेली फट आहे. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेसारखी दुहेरीत मुरलेली खेळाडू अशा लढतीत संघाचा तिसरा हिस्सा होते, पाचवा नव्हे. (आणि हे काही नवीन नाही. १९६३मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर स्पर्धा सुरू झाली तेव्हा दोन एकेरी, एक दुहेरी अशीच होती, आणि सोळा संघ एकाच ठिकाणी. पाच सामन्यांची घरची-परकी पद्धत १९९५मध्ये आली.)

गटवार साखळीचंही तसंच. एप्रिल २०२५मध्ये आशिया-ओशनिया गटाच्या लढती पुण्यात, बालेवाडीला झाल्या. सहा संघ, प्रत्येकाशी एकदा खेळायचं. भारत न्यूझीलंडकडून हरला, तरी बाकीच्या लढती जिंकून दुसरा आला आणि प्ले-ऑफला गेला. बाद पद्धत असती तर त्या एका पराभवावर घरी. श्रीवल्ली भामिदिपाटीने तिथे पाचही एकेरी सामने जिंकले. बाद फेरीत ही मुलगी कोणाला दिसलीच नसती.

आता जागेचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त टोचतो. २०२१पासून अंतिम टप्पा प्राग, ग्लासगो, सेव्हिल, मालागा, शेन्झेन असा फिरतो आहे. इटलीने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली, एक स्पेनमध्ये, एक चीनमध्ये. त्याच इटलीने २०१३मध्ये रशियाला हरवलं ते कॅग्लियारीत, आपल्या क्ले कोर्टवर, आपल्या लोकांसमोर. यजमानाने कोर्टचा पृष्ठभाग निवडायचा हा त्या पद्धतीचा मोठा भाग होता. एका शहरात सगळे आणले की प्रसारण सोपं होतं, खेळाडूंचा प्रवास कमी होतो असं सांगतात. पण २०२२मध्ये डब्ल्यूटीए फायनल्स, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टेनिसची वर्षअखेरची स्पर्धा, टेक्ससमध्ये संपली आणि लगेच दुसऱ्या दिवशी ग्लासगोत ही स्पर्धा सुरू झाली. इगा श्वियाँतेकने आधीच नकार कळवला होता. प्रवास वाचवायचा म्हणून केलेल्या रचनेत जगातली पहिली खेळाडूच येऊ शकली नाही, तर मग ती रचना कोणासाठी?

बालेवाडीला मी माझ्या मुलींना घेऊन गेले होते. मुंबईहून पहाटे निघालो. कोर्टच्या कडेला खुर्चीवर संघाचा न खेळणारा कर्णधार विशाल उप्पल, चेंज-ओव्हरला (बाजू बदलताना) प्रत्येक वेळी खेळाडूशी बोलणारा, मागे बाकावर टॉवेल हलवत ओरडणाऱ्या सहकारी, हे माझ्या मुलींनी आधी पाहिलेलंच नव्हतं. टेनिसमध्ये आपण एकटे असतो हीच त्यांची समजूत. परतीच्या वाटेवर सर्व्हिसबद्दल कोणी बोललं नाही. संघात कशी निवड होते, राखीव खेळाडूला काय करावं लागतं, हेच प्रश्न. ही लढत ताश्कंदला झाली असती तर आम्ही मोबाइलवर गुण बघितले असते.

म्हणून मला विचाराल तर तीन सामने ठेवा, पण लढती घरी खेळवा. नोव्हेंबर २०२५च्या प्ले-ऑफमध्ये तीन-तीन संघांचे गट वेगवेगळ्या देशांत खेळले. बंगळुरूच्या गटातून स्लोव्हेनिया पुढे गेला, आपण नाही, पण स्लोव्हेनिया आणि नेदरलँड्स आपल्याकडे येऊन खेळले. ही मधली वाट मला पटते.

मुंबईला असा गट मिळू शकेल का, हाही तुमचा प्रश्न होता. तीन संघांचा गट असेल तर जमेल. सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) कोर्टवर डब्ल्यूटीए १२५ दर्जाची, म्हणजे मुख्य महिला स्पर्धांच्या एक पायरी खालची, मुंबई ओपन झालेलीच आहे, आणि २०२५मध्ये तिथेच १५ वर्षांची माया राजेश्वरन उपांत्य फेरीपर्यंत पोचली. सहा संघांची पाच दिवसांची साखळी मात्र बालेवाडीसारख्या मोठ्या संकुलालाच झेपते.